टिपणीस सरांचा ‘लेट’

टिपणीस सरांइतका चिडका माणूस मी एकतीस वर्षांच्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. मुलांवर ते फारसे चिडत नसत. त्यांचा राग दुकानांच्या पाट्यांवर, छापील अर्जांवर, वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवर आणि सगळ्यात जास्त, खिशात मावणाऱ्या स्वस्त डिक्शनऱ्यांवर. मुलाच्या दप्तरात तशी डिक्शनरी दिसली की ते ती दोन बोटांत धरून उचलत, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि म्हणत, “ह्यात शब्द नाहीत रे, शब्दांचे फोटो आहेत. तेही पाठमोरे.”

मी आमच्या हायस्कुलात गणित शिकवायला आले तेव्हा इंग्रजीचे हे सर चाळिशीच्या पुढचे होते. उंच, जरा पुढे वाकलेले, उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट. कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात कॅलेंडरच्या फाडलेल्या तारखा. त्या तारखांच्या पाठीवर बारीक अक्षरात इंग्रजी शब्द टिपलेले असत. एखादा शब्द भेटला की तो कुठून आला, त्याचे भाऊबंद कोण, पूर्वी त्याचा अर्थ काय होता, याचा छडा लागेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. “शब्दाला आधी विचारावं, तू कुणाचा कोण,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिक्षकांच्या खोलीत ते वाक्य सुरू झालं की निम्मे लोक डबे घेऊन बाहेर पडत. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे मला पळायला जागा नव्हती.

ते कर्जतला राहत आणि पहिल्या एसटीने येत. उशीर त्यांना कधी होत नसे. एकदा मात्र पळसदरीच्या पुढे गाडी बंद पडली आणि ते पायी चालत, घामाघूम होऊन दुसऱ्या तासाला पोचले. आल्या आल्या हजेरीपुस्तकात स्वतःच्या नावापुढे त्यांनी लाल शाईने ‘लेट’ असं लिहिलं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक म्हणाले, “अहो टिपणीस, गाडी बंद पडली त्यात तुमचा काय दोष? खोडा ते.”

“दोष नाही म्हणूनच लिहिलंय,” सर म्हणाले. “मला अडवलं गेलं. लेट म्हणजे अडवणे.”

“लेट म्हणजे उशीर.”

“तो वेगळा लेट!”

आणि मग मधली सुट्टी संपेपर्यंत आम्हाला ते ऐकावं लागलं. उशीर या अर्थाचा लेट आपल्या कंडक्टरलासुद्धा ठाऊक आहे. मेलेल्या माणसाच्या नावाआधी लागतो तोही हाच. दुसरा लेट म्हणजे होऊ देणे, जाऊ देणे. भाड्याच्या घरावर ‘टु लेट’ची पाटी असते तिच्यातला लेट हाच, घर दुसऱ्याला वापरू देणारा. पाणी बाहेर जाऊ देणारं आउटलेट याच्याच घरातलं. पण आणखी एक, तिसरा लेट आहे. त्याचा अर्थ अडवणे, खोळंबा करणे. तो उशीरवाल्याचा जवळचा नातलग, कारण माणसाला अडवलं की त्याला उशीर होतो. जाऊ देणारा लेट आणि अडवणारा लेट जुन्या इंग्रजीत निरनिराळे लिहीत, निरनिराळे बोलत. पुढे वापरून वापरून दोघांचे कोपरे झिजले आणि दोघं सारखेच दिसायला लागले. अडवणारा हळूहळू लोकांच्या तोंडातून गेला, जुन्या दस्तऐवजांत तेवढा उरला. आपल्या देवनागरीत तर तिघेही एकसारखेच.

“म्हणजे एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ?” विज्ञानाच्या सरांनी डब्यातून मान वर करून विचारलं.

“एक शब्द नाही हो!” सरांनी डस्टर टेबलावर आपटलं. खडूची भुकटी माझ्या भाजीत पडली. “दोन शब्द! एकाच नावाची दोन अनोळखी माणसं!”

मला हे सगळं तेव्हा निरुपयोगी वाटलं होतं. कुणाला कशाला लागणार होता हा तिसरा लेट?

तो लागला त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमाराला. साजगावच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला कोंडीची वाडी म्हणून पंचवीस-तीस घरांची वस्ती होती. सगळे भातशेतीवाले. वाडीतून हमरस्त्याला यायची पायवाट एका जुन्या बंगल्याच्या आवारातून जायची. बंगला एका इंग्रज साहेबाने बांधलेला. जाताना त्याने तो मुंबईच्या एका शेठजींना विकला, आणि शेठजींच्या मुलांनी आता ती सगळी जागा एका नव्या कारखान्याला विकली. कारखान्याने तारेचं कुंपण घातलं, पायवाटेवर लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप लावलं. वाडीच्या लोकांना डोंगराच्या कडेने, ओढा उतरून, तीन मैलांचा वळसा पडू लागला.

वाडीचे जाणते गोमाबाबा एके दिवशी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पत्र्याची एक नळी.

“विंग्रजी मास्तर कोन हाय?” त्यांनी विचारलं. “ह्ये सायबाचं कागूद हाय. माज्या बापानं ठेवलंय. आमच्या वाडीत कुनाला वाचता येत नाय.”

सरांनी नळीतून कागद काढला. बंगल्याच्या विक्रीच्या दस्ताची ती रीतसर नक्कल होती. चौथ्या पानावर साहेबाने एक कलम घातलं होतं, की या वाडीच्या लोकांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी गुराढोरांसकट, हव्या त्या वेळी, ‘विदाउट लेट’ या जागेतून जावं-यावं.

सरांनी ते दोनदा वाचलं आणि ते हसले. त्यांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. “बाई, बघा! आला की नाही तिसरा? विदाउट लेट! म्हणजे कुणाचाही अडथळा न होता!” मग गोमाबाबांकडे वळून म्हणाले, “काम झालं म्हणून समजा. आठ दिवसांत फाटक उघडेल.”

“खरं म्हंता मास्तर?”

“कागदच सांगतोय. मी कोण सांगणारा?”

आठ दिवस म्हणाले ते. मी गणिताची, मी आकडे विसरत नाही.

ज्या कचेरीत हे प्रकरण गेलं तिचं नाव मी घेत नाही. त्या वेळी सरकारी कामकाज मराठीत आणायचं चाललं होतं आणि जुन्या इंग्रजी कागदांचं मराठी भाषांतर जोडावं लागे. भाषांतर कचेरीतल्याच कुणीतरी केलं. कुणी ते कधी कळलं नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं तेव्हा सर ते हातात घेऊन खोलीत आले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“वाचा,” ते म्हणाले.

मी वाचलं. ‘सदर वाडीचे लोक सदर जागेतून विनापरवाना जा-ये करतील.’ आणि खाली शेरा: ‘जा-ये विनापरवाना असल्याने हक्क सिद्ध होत नाही. अर्ज निकाली.’

“लेट म्हणजे परवानगी, असं धरलंय गाढवांनी,” सर म्हणाले. “म्हणून विदाउट लेट म्हणजे विनापरवाना! आणि आपल्या सरकारी मराठीत विनापरवाना म्हणजे काय? बेकायदा! बाई, तुम्ही गणिताच्या. तुम्हीच सांगा. माणूस स्टँप लावून, साक्षीदार बसवून, सही करून दुसऱ्याला सांगेल का, की तुम्ही माझ्या जागेतून बेकायदा ये-जा करा म्हणून?”

“नाही सांगणार,” मी म्हटलं.

“तुम्हाला कळतं. मग त्यांना का कळत नाही?”

हा प्रश्न पुढे किती वर्षं मी ऐकला! माझं अक्षर सुवाच्य म्हणून अर्ज उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. पहिला अर्ज चार पानांचा होता. त्यात लेटची सगळी वंशावळ होती. मी म्हटलं, “सर, कारकून एवढं वाचेल का?” ते म्हणाले, “न वाचून सांगतो कुणाला? अर्थ आहे त्यात!”

एकदा त्यांच्याबरोबर मीही कचेरीत गेले. साहेब टेबलामागे पंख्याखाली बसले होते. सरांनी पाच मिनिटं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मास्तर, मुंबईत कधी गेलात का? घरांवर टु लेटच्या पाट्या पाहिल्यात?”

“पाहिल्यात. पण तो—”

“मग झालं तर. लेट म्हणजे भाड्याने. विदाउट लेट म्हणजे ही वाट भाड्याने दिलेली नाही. कशानेच दिलेली नाही. म्हणजे हक्क नाहीच.”

“पण तुमच्याच भाषांतरात विनापरवाना आहे! आता भाड्याशिवाय झालं? दोन्ही कसं बरोबर असेल?”

“दोन्हीकडून निकाल तोच येतो ना?” साहेब म्हणाले आणि घंटी वाजवली.

साहेबांच्या टेबलावर खिशातली डिक्शनरी होती. सरांनी ती पुढे ओढली, पान काढलं. देणे, परवानगी देणे, भाड्याने देणे. अडवणे नव्हतं. त्या छोट्या पुस्तकात तो अर्थ घालायला जागा कुठली? सरांनी ती अशी मिटली की पट्टेवाला आत डोकावला.

मग ते मुंबईला एका मोठ्या ग्रंथालयात गेले. तिथल्या जाडजूड शब्दकोशातून अडवणाऱ्या लेटची नोंद हाताने उतरवून आणली. कचेरी म्हणाली, हे हस्तलिखित आहे, ग्रंथपालाची सही हवी. ते पुन्हा गेले, सही आणली. कचेरी म्हणाली, शिक्का नाही. ते तिसऱ्यांदा गेले, शिक्का आणला. तोवर साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, मूळ अर्ज निकाली निघालेला आहे, नव्याने करा. सरांच्या रजा अशा संपत. दर वेळी परत येऊन ते खुर्चीत बसत, पाणी पीत आणि मला इतिवृत्त सांगत. मला दर वेळी त्या साहेबांचा राग येई आणि थोडा सरांचाही येई.

कारखान्याच्या मॅनेजरला भेटून पाहावं, असं मीच सुचवलं. मॅनेजर सभ्य माणूस होता. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा तो ऑफिसरांच्या टेनिस कोर्टावर खेळत होता. आम्हाला खुर्च्या दिल्या. त्याने सर्व्हिस केली, चेंडू जाळीच्या पट्टीला लागून पलीकडे पडला आणि तो ओरडला, “लेट!”

सर ताडकन उठले आणि सरळ कोर्टात शिरले.

“आत्ता काय म्हणालात?”

मॅनेजर बावरला. “लेट. म्हणजे सर्व्हिस पुन्हा करायची.”

“पुन्हा का?”

“जाळीला लागली ना.”

“म्हणजे जाळीने अडवलं! लेट म्हणजे अडथळा! तुमच्याच तोंडाने म्हणालात. बाई, तुम्ही साक्षीदार!”

मॅनेजर मनापासून हसला. रॅकेट काखेत मारून त्याने दस्ताची नक्कल वाचली, सगळी, चौथ्या पानापर्यंत. चहा मागवला. मग म्हणाला, “मास्तर, इंग्रजी तुमचं बरोबर असेल. फाटक माझं आहे. कचेरीने लिहून दिलं, की मी उघडतो.”

परतीच्या वाटेवर सर खुशीत होते. “कबूल केलं त्याने! अर्थ कबूल केला!” फाटकाला कुलूप होतं ते होतंच.

वाडीतल्या तरण्या पोरांना हे अर्जांचं प्रकरण पसंत नव्हतं. “मास्तर, एका दिसाचं काम हाय,” त्यांच्यातला एक जण सरांना म्हणाला. “फाटक उपटून वढ्यात टाकतो.”

“आणि मग?” सर म्हणाले. “मग ते म्हणतील, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं? विनापरवाना! त्यांचा शब्द तुम्ही खरा करून द्याल. थांबा. कागद तुमच्या बाजूला आहे.”

पोरं थांबली. गोमाबाबांनी त्यांना थांबवलं, कारण मास्तरांनी सांगितलं होतं.

त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. श्रावणातले दिवस, लावण्या आटपत आलेल्या. गोमाबाबांची सून चांगुणा पहिलटकरीण होती. सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि सुईणीला काही उमगेना. घोंगडीची झोळी करून चौघांनी तिला उचललं आणि फाटकाशी आणलं. पहारेकरी म्हणाला, मॅनेजरसाहेबांची परवानगी आणा. साहेब मुंबईला गेलेले. चावी ऑफिसात, ऑफिसातला माणूस जेवायला. अर्धा-पाऊण तास झोळी फाटकासमोर जमिनीवर होती. मग त्यांनी ती उचलली आणि डोंगराच्या वाटेने वळसा घातला. ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. दवाखान्यात पोचायला दुपारचे तीन वाजून गेले. चांगुणा वाचली. मुलगी गेली.

गोमाबाबा तिसऱ्या दिवशी शाळेत आले. सरांनी खुर्ची पुढे केली पण ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या आता, मास्तर. तुमी लई केलंत. आमाला नाय जमायचं ह्ये कागदाचं.”

त्यात दोष देणं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, असं मला सरांच्या तोंडाकडे पाहून वाटलं.

त्या दिवशी त्यांनी सगळे तास घेतले. संध्याकाळी एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि उतरवून मागितला. त्यात वंशावळ नव्हती, दाखले नव्हते. काय घडलं ते चार वाक्यांत होतं आणि शेवटी एक ओळ: ‘तिला अडवण्यात आले. या शब्दाचा अर्थ हा आहे.’ ती ओळ उतरवायला मला फार वेळ लागला.

उत्तर आलं. ‘आपला अर्ज मिळाला. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

त्यानंतर आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, “सर, तुम्ही त्या पोरांना अडवायला नको होतं. त्यांनी फाटक उपटलं असतं तर ती मुलगी आज असती.” बोलून गेल्यावर मला वाटलं, जीभ हासडावी.

“मी रोज तेच म्हणतो, बाई,” सर म्हणाले. “पण आता सोडलं, तर ती कशासाठी गेली?”

हे बोलणं मला पटलं नव्हतं. अर्ज चालू राहिले. दरवर्षी दोन, कधी तीन. साहेब येत, जात. एकाने सांगितलं, भाषांतर बदलायचा अधिकार भाषांतरकाराला. भाषांतरकार कोण, विचारलं, तर नोंद नाही. एकाने सांगितलं, इंग्रजी आता जुनं झालं, मास्तर, मराठीत विचार करायला शिका. त्या दिवशी सर घरी न जाता खालापूरच्या स्टँडवर तीन गाड्या सोडून बसून होते.

पुढे सर निवृत्त झाले. तरी गुरुवारी शाळेच्या ग्रंथालयात येत. अशाच एका गुरुवारी इब्राहिम पेढे घेऊन आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता वेल्डर. मस्कतला नोकरी लागली होती. मोठ्या अभिमानाने त्याने सरांच्या हातात नवा कोरा पासपोर्ट दिला. सरांनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता ते उभे राहिले.

“इब्राहिम, हा मला दोन दिवस दे.”

“सर! परवा माझं विमान आहे.”

“मग आत्ता चल.”

पासपोर्टाच्या पहिल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते, की हा धारण करणाऱ्याला मोकळेपणी जाऊ द्यावं, कसल्याही अटकावाशिवाय. त्या इंग्रजी वाक्यात ‘अलाव’ आहे आणि पुढे ‘विदाउट लेट’ही आहे. आमच्या सरकारच्याच कागदावर, आमच्याच इब्राहिमच्या फोटोशेजारी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही तिघं एसटीत बसलो. वाटेत सर पासपोर्ट उघडून पुन्हा पुन्हा बघत होते आणि इब्राहिम काळजीने त्यांच्या हाताकडे बघत होता.

कचेरीत नवा साहेब होता. तिशीतला, काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा. त्याच्यापुढे सरांनी दस्त, भाषांतर आणि पासपोर्ट ओळीने मांडले.

“इथे बघा,” ते म्हणाले. “जाऊ द्या, हे आधीच सांगितलंय. मग लेटचा अर्थही जाऊ देणेच असेल, तर राष्ट्रपती म्हणतायत की ह्याला परवानगीशिवाय परवानगी द्या. असं म्हणतील का ते?”

साहेबाने तिन्ही कागद वाचले. पाच मिनिटंही लागली नसतील.

“एवढंच होतं?” त्याने विचारलं.

“एवढंच.”

“किती वर्षं चाललंय हे?”

“तेरा,” मी म्हटलं.

त्याने टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. ‘विनापरवाना’ खोडून ‘विनाअडथळा’. वाडीचा वहिवाटीचा हक्क मान्य, फाटक खुलं करावं. शिक्का मारायला कागद बाहेर गेला. इब्राहिमने सरांच्या पाया पडून आपला पासपोर्ट खिशात घातला आणि वर रुमाल कोंबला.

आम्ही व्हरांड्यात थांबलो होतो. कचेरीतले हेडक्लार्क शिक्का मारलेली प्रत घेऊन बाहेर आले. त्यांचीही निवृत्ती जवळ आली होती. सरांना ते पहिल्या अर्जापासून ओळखत. आमच्यासाठी त्यांनी चहा सांगितला, आणि कप रिकामे झाल्यावर म्हणाले, “सर, रागवणार नसाल तर एक सांगतो. मनात राहिलंय फार दिवस.”

“सांगा.”

“तुमचा पहिला अर्ज आला ना, तेव्हाच त्या वेळच्या साहेबांनी मोठी डिक्शनरी मागवून बघितली होती. अर्थ सापडला होता. मी स्वतः पान काढून दिलं होतं त्यांना.” हेडक्लार्क खाली बघून बोलत होते. “ते म्हणाले, असू दे. मास्तर लिहितायत तोवर लिहू देत. वाडीवाले तेवढे शांत राहतात.”

आता काहीतरी फुटणार म्हणून मी सरांकडे पाहिलं. बारीकसारीक चुकांवर टेबलं बडवणारा हा माणूस. पण ते चिडले नाहीत. रिकामा कप त्यांनी कठड्यावर ठेवला, प्रतीची घडी घालून खिशात टाकली आणि हेडक्लार्कना म्हणाले, “पान काढून दिलंत, चांगलं केलंत.” उपरोध नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

आम्ही स्टँडवर आलो. इब्राहिम आनंदात होता, ‘सर, आपण जिंकलो की,’ असं दोनतीनदा म्हणाला. गाडी यायला अवकाश होता.

“बाई,” सर म्हणाले, “मला वाटत होतं त्यांना कळत नाही. ज्याला कळत नाही त्याला समजावता येतं, तेवढं एकच काम मला येतं. तेरा वर्षं मी चुकीच्या वर्गावर तास घेत होतो.”

फाटक उघडलं. म्हणजे कारखान्याने दोन्ही बाजूंनी भिंती उठवल्या आणि मधे दोन हात रुंदीचा बोळ सोडला. मी बघायला गेले होते. बायका डोक्यावर भारे घेऊन त्यातून ये-जा करत होत्या. दोघी समोरासमोर आल्या की एकीला अंग चोरून भिंतीला टेकावं लागे. गोमाबाबा त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते. सर त्या दिवशी आले नाहीत. कॅलेंडरच्या तारखांच्या पाठीवर शब्द टिपणं त्यांनी सोडलं, असं त्यांच्या घरून कळलं. मला वाटलं, संपला हा माणूस.

नंतर कानावर आलं की आठवड्यातून दोनदा ते वाडीत जातात. देवळाच्या ओट्यावर बसतात आणि ज्यांना यायचंय त्यांना मराठी लिहायला-वाचायला शिकवतात. इंग्रजी नाही, नुसतं मराठी. पोरं शाळेत जात होतीच. ओट्यावर यायची ती मोठी माणसं, त्यातही बायका जास्त. तिथे मात्र सर पुन्हा चिडतात, असं कुणीतरी सांगितलं, आणि मला हायसं वाटलं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते ऐंशीनंतर, खालापूरला, सातबाराच्या खिडकीसमोर. माझ्या भावाच्या जमिनीचा उतारा हवा होता म्हणून मी रांगेत उभी होते. पुढे वीसेक माणसं, ऊन, सगळे कंटाळलेले. खिडकीशी एक बाई होती, हिरवं लुगडं, केस पिकायला लागलेले. ती चांगुणा आहे हे मला आवाजावरून कळलं; बोळ बघायला गेले तेव्हा तिच्याशी बोलणं झालं होतं.

“इथं अंगठा लावा,” आतला कारकून म्हणाला.

“नाय. सही करते मी.”

तिने पेन घेतलं आणि नोंदवहीवर वाकली. एकेक अक्षर ती कोरून काढत होती. ‘चां’ झाला, मग थांबली. ‘गु’ झाला. तिच्या मागे सर उभे होते, पार वाळलेले, कोट अंगावर लोंबणारा. रांगेत कुजबुज सुरू झाली.

“अहो आजोबा, आवरायला सांगा की बाईला,” मागचा एक जण म्हणाला. “अंगठा लावला असता तर एव्हाना सुटली असती. आमची गाडी जाईल.”

सर वळले. त्यांनी दोन्ही हात पसरले, एक खिडकीच्या चौकटीला आणि एक भिंतीला टेकवला, आणि त्या सगळ्या रांगेकडे तोंड करून उभे राहिले.

“जाऊ दे तुमची गाडी,” ते म्हणाले. “तिला अजून आडनाव लिहायचंय.”

मी त्यांना हाक मारली नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रांगेत थांबून राहिले.